रबरी गांडूळ आणि गळाची निवड

मऊ प्लास्टिकचे गांडूळ आमिष म्हणून वापरताना कोणता गळ निवडावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हत्याराचा वाटतो. परंतु गळाचा दांडा, बाक, टोक आणि तारेची जाडी यांपैकी प्रत्येक गोष्ट ज्या माशाच्या तोंडात ती जायची आहे त्या माशाच्या जबड्याशी आणि तो ज्या पाण्यात राहतो त्या पाण्याच्या स्वरूपाशी बांधलेली असल्यामुळे, दुकानात सुरू झालेला हा प्रश्न पाहता पाहता मत्स्यशास्त्रात जाऊन पोचतो. लखनौच्या तेलीबाग भागात या दोन्ही बाजू एकमेकींच्या शेजारी नांदतात. कालव्याकाठच्या रिंगरोडवर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे. 1983 मध्ये अलाहाबाद येथे स्थापन झालेली आणि पुढे लखनौत आलेली ही संस्था देशातील माशांच्या जातींची नोंद ठेवते, त्यांच्या आनुवंशिक ठेव्याचे जतन करते आणि बाहेरून आलेल्या जातींपासून असलेल्या धोक्यांचा अभ्यास करते. दुसऱ्या बाजूला लखनौची छावणी जवळ असल्याने या भागात निवृत्त सैनिकांची वस्ती मोठी आहे, आणि देशभर बदल्यांवर फिरताना ठिकठिकाणच्या पाण्यात गळ टाकण्याची आवड लागलेली माणसे अशा वस्तीत आढळणे स्वाभाविक आहे.

पुढील संवादातील दोन्ही व्यक्ती कल्पित असून त्या दोन भूमिकांच्या प्रतिनिधी आहेत. त्यांपैकी एक साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार, ज्यांच्या मते गळाची निवड ही मासा हातचा न जाऊ देण्याची विद्या आहे. दुसरी भंडाऱ्याकडची मत्स्यसंशोधिका, जिच्या मते गळ निवडणे म्हणजे कोणता मासा धरायचा, त्याला किती इजा करायची आणि त्याच्या पाण्याचे काय करायचे हे आधीच ठरवणे होय.

चर्चेपूर्वी काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. गळाच्या ज्या छिद्रात दोरी बांधली जाते ते नेढे, त्यापासून खाली उतरणारा सरळ भाग दांडा, त्यापुढचे वळण बाक, बाकाच्या शेवटी टोक आणि टोकाच्या आतल्या अंगाला मासा निसटू नये म्हणून कोरलेला उलटा काटा. दांडा आणि टोक यांच्यामधील अंतराला या लेखात घेर म्हटले आहे. प्लास्टिकच्या गांडुळाचा इतिहास अमेरिकेतील ओहायो राज्यातील ॲक्रन शहरापासून सांगितला जातो, जेथे निक क्रीम या कारागिराने 1949 मध्ये साच्यात ओतलेले मऊ गांडूळ तयार केले. हे आमिष ज्या पद्धतीने गळावर चढवले जाते ती सर्वांत रूढ पद्धत टेक्सास रिग या नावाने ओळखली जाते. दोरीत प्रथम बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे भोकाचे वजन ओवून मग गळ बांधतात. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यातून अर्धा सेंटिमीटर आत घालून बाजूने बाहेर काढतात, गांडूळ नेढ्यापर्यंत सरकवून गळ अर्धा वळवतात आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात खुपसून तेथेच लपवतात. टोक झाकलेले असल्यामुळे असा गळ शेवाळात किंवा बुडालेल्या फांद्यांत अडकत नाही, मात्र याच कारणाने मासा लागण्यासाठी टोकाला आधी प्लास्टिक फाडून बाहेर यावे लागते, आणि गळाच्या निवडीचे बहुतेक सर्व वाद या एका अटीतून जन्मतात.

सुभेदार : मॅडम, यात वादाला जागा फार थोडी आहे. गांडुळाची लांबी आणि जाडी पाहावी आणि त्याप्रमाणे गळ घ्यावा. चार इंची बारीक गांडुळाला 1/0 किंवा 2/0, सहा-सात इंचीला 3/0, आठ ते दहा इंचीला 4/0 किंवा 5/0, हे प्रमाण जगभर चालते. गांडूळ जाड असेल तर रुंद घेराचा गळ हवा, कारण हिसका बसल्यावर प्लास्टिक चुरगळून खाली सरकते आणि घेर अरुंद असेल तर टोकाच्या आड तेच येऊन बसते. मासा तोंडात घेऊन गेलेला असतो, दोरी ताणलेली असते, आणि टोक मात्र प्लास्टिकमध्येच रुतून राहते.

या आकड्यांची रीत नवख्या वाचकाला गोंधळात टाकणारी आहे. एक या क्रमांकापासून पुढे दोन, चार, सहा असे जावे तसा गळ लहान होत जातो, तर त्याच एकपासून उलट दिशेने 1/0, 2/0, 3/0 असे जावे तसा तो मोठा होतो. शिवाय निरनिराळ्या उत्पादकांच्या 3/0 गळांची मापे सारखी नसतात, त्यामुळे पाकिटावरचा आकडा हा केवळ अंदाज समजून प्रत्यक्ष घेर गांडुळाला लावून पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते. टोक लपवल्यानंतर गांडुळाच्या पाठीपासून बाकापर्यंत निदान गांडुळाच्या जाडीइतकी मोकळी जागा उरावी, एवढी कसोटी पुरेशी आहे.

संशोधिका : सुभेदारसाहेब, तुमचे प्रमाण गांडुळापासून सुरू होते आणि तेथेच संपते. ते ज्या माशासाठी बसवले गेले तो मोठ्या तोंडाचा बास उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला आहे. तो जबडा एकदम उघडतो, तोंडाच्या पोकळीत पाणी ओढले जाते आणि त्या ओढीबरोबर आमिष आत येते. त्याचे दात कानशीच्या पृष्ठभागासारखे बारीक असतात आणि तोंडाच्या कडेचे आवरण पातळ असते, त्यामुळे मध्यम जाडीच्या तारेचा गळही तेथे सहज रुततो. गोमतीच्या खोऱ्यातल्या तलावांत हा मासा नाही. शेवाळाखाली दबा धरून बसणारा, मऊ बेडकावर आणि गांडुळावर झडप घालणारा इथला मासा मरळ आहे, आणि त्याचा जबडा हाडाचा, आतून दातांनी भरलेला असतो. गांडूळ तेच ठेवले तरी गळ तोच ठेवता येत नाही.

मरळ हा मराठी वाचकाला परिचित मासा आहे. गोदावरी-भीमेच्या खोऱ्यांपासून पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांपर्यंत त्याच्या दोन-तीन जाती आढळतात. त्यांपैकी मोठी जात मीटरभर लांबीची होऊ शकते, आणि पट्टेरी मरळ तेलंगणाचा राज्यमासा म्हणून घोषित झालेला आहे. माशागणिक आमिष आणि साधने बदलावीत, ही जाणही या भूमीला नवी नाही. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचविलेल्या मानसोल्लास या ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे, ज्यात नदीतील व समुद्रातील मासे, त्यांना द्यावयाचे खाद्य, काठी, दोरी आणि गळ यांचा विचार आहे; विसाव्या शतकात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. संशोधिकेची भूमिका या जुन्या दृष्टीच्या जवळची आहे, आणि प्रस्तुत विषयात तीच अधिक मूलगामी आहे, असे म्हणावे लागते.

सुभेदार : जबडा हाडाचा आहे हे मान्य. पण मग उत्तरही तेथेच आहे. तार जाड घ्या. पातळ तारेचा गळ सहज रुततो खरा, परंतु हाडावर आपटला की त्याचा बाक उघडतो. जाड तार रुतायला जोर जास्त लागतो, म्हणून काठी कडक हवी आणि दोरी विणलेली हवी, जी ताणली तरी लांबत नाही. गळ एकटा कधीच निवडायचा नसतो. काठी, दोरी आणि गळ हे तिन्ही एकमेकांना साजेसे असावे लागतात. नाजूक काठीवर आणि बारीक दोरीवर जाड गळ बांधणारा माणूस मासा लागलाच नाही म्हणून पाण्याला दोष देत बसतो.

संशोधिका : आणि आकार? बाजारात याच कामासाठी दोन-तीन घडणी मिळतात.

सुभेदार : पहिली घडण सरळ दांड्याची. तिच्यावर गांडूळ सरळ बसते, आणि नेढ्याच्या मागे दांड्यावर दोरीचे वेढे घेऊन गाठ मारली तर दोरी ताणताच टोक बाहेरच्या अंगाला झुकते आणि पकड चांगली बसते. तिचा दोष असा की गांडूळ दांड्यावरून खाली घसरते. दुसरी घडण नेढ्याजवळ दोन काटकोनी वळणे दिलेली. त्या पायरीत गांडुळाचे डोके अडकून राहते. तिसरी तशीच, पण खालचा बाक फुगीर आणि घेर फार रुंद, जिच्यात टोक जवळजवळ नेढ्याच्या रेषेत येते. बारीक, लांब गांडुळाला दुसरी, जाड अंगाच्या आमिषाला तिसरी, आणि दाट जलपर्णीच्या भोकात सरळ खाली सोडायचे असेल तर पहिली.

येथे सुभेदारांचे ज्ञान अचूक आहे. त्याला एवढीच पुस्ती जोडावी की या तिन्ही घडणींत गांडूळ गळावर ताणले किंवा मुरडले जाता कामा नये, कारण वाकडे चढवलेले गांडूळ ओढताना स्वतःभोवती फिरते, दोरीला पीळ पडतो आणि माशाला जिवंत प्राण्याचा भास होत नाही. गांडूळ मधोमध टोचून दोन्ही टोके लोंबती ठेवण्याची जी वेगळी पद्धत आहे, तिच्यासाठी आखूड दांड्याचा गोल बाकाचा लहान गळ लागतो. पण तिच्यात टोक उघडे राहत असल्याने दाट वनस्पतींच्या पाण्यात ती निरुपयोगी ठरते.

संशोधिका : आता मुख्य मुद्दा. धरलेला मासा सोडून द्यायचा असेल तर गळ घशात जाऊन चालत नाही. घशात किंवा पोटात रुतलेल्या गळाने माशांच्या मरण्याचे प्रमाण ओठात रुतलेल्या गळापेक्षा कितीतरी अधिक असते, हे सोडून दिलेल्या माशांवरील अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. मऊ प्लास्टिक तोंडात खऱ्या भक्ष्यासारखे लागते, म्हणून मासा ते लगेच थुंकत नाही आणि गिळण्याला वेळ मिळतो. समुद्रात वर्तुळाकार गळ वापरतात, ज्याचे टोक दांड्याकडे आत वळलेले असते; दोरी सावकाश ताणली की तो घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात फिरून बसतो. तो इथे का वापरू नये?

सुभेदार : कारण तो हिसक्यावर चालत नाही, मॅडम, आणि लपवलेले टोक हिसक्याशिवाय बाहेर येत नाही. वर्तुळाकार गळाला शांतपणे ताणावे लागते, प्लास्टिकमध्ये लपलेल्या टोकाला जोराने. ही दोन तत्त्वे एका गळात बसत नाहीत. उघड्या टोकाने तो वापरला तर पहिल्याच फेकीत जलपर्णी लागेल.

संशोधिका : हे मान्य करावे लागेल. मग निदान उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. गळ काढायला क्षण लागतो, मासा पाण्याबाहेर कमी राहतो आणि जखम लहान होते. शिवाय काटा नसलेले टोक प्लास्टिक आणि जबडा दोन्ही कमी जोरात भेदते, म्हणजे जाड तारेची तुमची अडचणही थोडी हलकी होते.

सुभेदार : आणि उडी मारून मान झटकणारा मरळ सुटून जातो.

संशोधिका : दोरी ढिली पडली तर जातो. दोरी ताणून ठेवण्याचे कसब तुमच्याजवळ आहे.

पुढे संभाषण तारेच्या जाडीकडे पुन्हा वळते, आणि हाच या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा भाग होय. संशोधिकेचा प्रारंभीचा आग्रह असा होता की इजा कमी व्हावी म्हणून तार शक्य तितकी बारीक आणि दोरी हलकी असावी, म्हणजे फार मोठा मासा दोरी तोडून सुटून जाईल. इतर पुष्कळ माशांच्या बाबतीत हा आग्रह समजण्याजोगा आहे. परंतु मरळ माशाच्या बाबतीत त्याच्याच शरीररचनेमुळे तो उलटतो. मरळ माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्यासाठी एक पोकळी असते, तिच्या साहाय्याने तो कमी प्राणवायूच्या चिखलाळ पाण्यातही टिकतो आणि ओलसर जागेत पाण्याबाहेरही बराच वेळ जगतो. या सोयीची किंमत अशी की प्रौढ पट्टेरी मरळ केवळ कल्ल्यांवर जगू शकत नाही. त्याला ठरावीक अंतराने पृष्ठभागावर येऊन हवा घ्यावीच लागते, आणि ती वाट बंद झाली तर हा मासा पाण्यातच गुदमरून मरतो. बारीक दोरी तुटली आणि तोंडात गळ व मागे दोन मीटर दोरी घेऊन मासा शेवाळात शिरला, की ती दोरी पाणवनस्पतींच्या देठांभोवती गुंडाळली जाते आणि मासा पृष्ठभागाखाली जखडला जातो. तुटलेल्या दोरीने सुटलेला मासा वाचला, असे काठावरच्या माणसाला वाटते. पाण्याखाली मात्र नेमके उलट घडलेले असण्याचा संभव मोठा असतो. म्हणून दाट वनस्पतींच्या पाण्यात जाड तार, मजबूत दोरी आणि मासा वेगाने बाहेर काढणे हाच कमी इजेचा मार्ग ठरतो, आणि येथे सुभेदारांचा पक्ष संशोधिकेच्याच शास्त्राच्या आधारे सिद्ध होतो. धातूबाबत मात्र संशोधिकेचे म्हणणे ग्राह्य आहे: गळ खोल रुतला असल्यास तो ओढून काढण्यापेक्षा दोरी अगदी तोंडाशी कापून मासा सोडणे बरे, आणि असा मागे राहिलेला गळ साध्या कार्बन पोलादाचा असेल तर गंजून झिजतो, स्टेनलेस पोलादाचा असेल तर फार काळ तसाच राहतो.

सुभेदार : एवढे सगळे मरळ माशासाठी करायचे, तर बासच इथे आणून सोडला तर काय बिघडेल? काश्मीरमध्ये ट्राउट मासा इंग्रजांनी गळाच्या खेळासाठीच आणला. त्यावर आज तिथले कितीतरी लोक पोट भरतात.

संशोधिका : सुभेदारसाहेब, जपानचे उदाहरण पाहावे. 1925 मध्ये आशी सरोवरात बास सोडला गेला आणि पुढे तो देशभर पसरला. 2 जुलै 2009 रोजी बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी धरलेल्या बासाने जॉर्ज पेरी यांच्या 1932 मधील जॉर्जियातील विक्रमाशी बरोबरी केली. दहा किलोंहून थोडा अधिक वजनाचा मासा. गळाच्या खेळाला याहून मोठे यश कोणते? आणि त्याच जपानने 2005 पासून लागू झालेल्या कायद्याने हा मासा पाळणे, वाहून नेणे आणि पाण्यात सोडणे यांवर बंदी घातली, कारण स्थानिक लहान मासे आणि त्यांची पिल्ले तो फस्त करतो. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचे नाव आहे. आपल्याकडे 1952 मध्ये आणलेला तिलापिया आजही कोठूनही काढून टाकता आलेला नाही. चितल हा उत्तर प्रदेशाचा राज्यमासा. तो, देशी मांगूर आणि मरळ ज्या तलावांत कसेबसे टिकून आहेत, त्यांत आणखी एक भक्षक सोडण्याचा विचार या गावात तरी कोणी बोलून दाखवू नये.

सुभेदारांनी या मुद्द्यावर उत्तर दिले नाही, आणि देण्यासारखे उत्तर उपलब्धही नाही. काश्मीरच्या थंड प्रवाहांत जे शंभर वर्षांपूर्वी केले गेले त्यावरून मैदानी प्रदेशातील उथळ, उष्ण आणि आधीच ताणाखाली असलेल्या तलावांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय एखाद्या जातीने लोकांना रोजगार दिला म्हणजे तिने पाण्याचे नुकसान केले नाही, असे सिद्ध होत नाही.

मतभेद शेवटपर्यंत राहिला तो ऋतूचा. पावसाळ्यात मरळ माशाची जोडी वनस्पतींमध्ये घरटे करते, आणि अंड्यांतून बाहेर आलेली तांबूस पिल्ले पृष्ठभागाजवळ गोळ्याने फिरू लागली की पालक त्यांच्या खाली पहारा देतात. या काळात जवळ येणाऱ्या कोणत्याही हलत्या वस्तूवर ते तुटून पडतात. भूक असो वा नसो, गळ बसतोच.

सुभेदार : म्हणूनच तेव्हा मासा हमखास मिळतो. धरून लगेच सोडला तर नुकसान कशाचे?

संशोधिका : पालक दूर गेल्यावर पिल्लांच्या गोळ्यात इतर मासे शिरायला फार वेळ लागत नाही. धरणे, गळ काढणे, सोडणे यांत जी मिनिटे जातात तीच पुष्कळ असतात.

सुभेदार : नदीवरचा कोळी पोटासाठी धरतो, त्याला कोणी सांगायचे?

संशोधिका : पोटासाठी धरणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो उपजीविकेच्या बाजूने सोडवावा लागेल. छंदासाठी धरणाऱ्याला थांबायला काहीच लागत नाही.

या ठिकाणी निवाडा संशोधिकेच्या बाजूने द्यावा लागतो. तेलीबागच्या आसपासच्या किंवा महाराष्ट्रातील मालगुजारी तलावांसारख्या वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात, जेथे गळ टाकण्याची परवानगी असेल तेथे, जाड अंगाचे पाच-सहा इंची मऊ आमिष, 4/0 मापाचा रुंद घेराचा जाड तारेचा साध्या पोलादाचा एकेरी गळ, काटा दाबून सपाट केलेला, आणि त्याला साजेशी कडक काठी व विणलेली दोरी, ही जोडणी दोन्ही पक्षांचे रास्त म्हणणे सांभाळते. चावा जाणवताच दोरी आवरून लगेच हिसका द्यावा, म्हणजे गिळायला वेळ मिळत नाही. पुढचे वजन शिशाचे नसावे. शिसे विषारी असल्याने ब्रिटनने गळाच्या लहान शिशाच्या वजनांवर 1987 मध्येच बंदी घातली, आणि टंगस्टनचे वजन महाग असले तरी आकाराने लहान असल्यामुळे शेवाळातून अधिक सहज उतरते. पिल्लांचा तांबूस गोळा दिसला की त्या जागी गळ टाकू नये. आणि एक विनंती प्रत्येक गळकऱ्याला: फाटलेले प्लास्टिकचे गांडूळ पाण्यात कुजत नाही, माशाने गिळले तर त्याच्या पोटात पचत नाही, म्हणून ते तलावात न फेकता खिशात घालून घरी आणावे.